हयातीच्या दोन ओळी

श्री

सेक्टर 2, भिलाई
28 मे 1961

तीर्थरूप दादास,

ताराचा नमस्कार. सहा वर्षांनी माझं अक्षर पाहून पत्र चुलीत घालायला उठला असशील, तर जरा थांब. पत्र लहानच आहे, आणि चूल काही कुठे पळून जात नाही.

आम्ही इथे बरे आहोत. वर पत्ता पाहिलास ना? सेक्टर दोन म्हणजे कारखान्याने बांधलेली पक्की घरं. नळ आहे, वीज आहे, समोर डांबरी रस्ता आहे. नलूला पाचवं लागलं. नलू म्हणजे तुझी भाची, हे तुला तिथे कुणी सांगितलं नसेल. तिचं कपाळ थेट आपल्या आईचं आहे, रुसली की तर आईच बसली आहे असं वाटतं.

आता काम सांगते. मे महिन्याच्या दोन तारखेला इथे आंधी आली. रुआबांध्याकडे मजुरांच्या झोपड्या आहेत, तिथे कुणाच्या तरी चुलीतला विस्तव उडाला आणि बघता बघता चार ओळी जळून गेल्या. त्यात आमचंही सामान होतं. सरकार जळितांना राहत, म्हणजे मदत, देणार आहे. जुनवानीच्या बाजूला झोपडीपुरती जागा, वर बांबू आणि पत्रे. हे सांगायला दारावर कोणी आलं नाही. शामराव म्हणून आपल्या नागपूरकडचे कारकून इथे राहतात, त्यांनी राहत कचेरीच्या भिंतीवर चिकटवलेला कागद वाचला म्हणून कळलं. अर्ज हिंदीत होता. मी माझ्या हाताने भरला. तिथल्या बायकांत अंगठा न लावणारी मी एकटीच होते, तेव्हा तुझी आठवण झाली.

एका रकान्यात अडलं आहे. लग्नाचा पुरावा मागतात. आमचे कागद पेटीत होते, पेटी जळाली. कचेरीतले ओमप्रकाशबाबू म्हणाले, "ससुराल या मायके से किसी का लिखा हुआ मँगवा लो." सासर कुठून आणू? यांना ना आई ना बाप, ना जातीतलं कोणी. तीच तर तुझी पहिली हरकत होती. तेव्हा तूच दोन ओळी लिहून दे. "तारा ही माझी सख्खी बहीण असून रुआबांधा येथील देवीदास यांची लग्नाची बायको आहे." एवढंच. तू पोलीस पाटील आहेस, तुझ्या सहीवर शिक्का पडतो, मग कोणी विचारायचं नाही. यादी दसऱ्याला बंद होते.

तू माझ्या नावाने आंघोळ केलीस हे मला तेव्हाच कळलं होतं. आपल्याच गावचा नत्थू इथे कारखान्यात लागला आहे, त्याने सांगितलं. केलीस ती केलीस. मी माहेरपण मागत नाही, साडीचोळी मागत नाही. दोन ओळी मागते.

यांना ड्यूटीमुळे लिहायला फुरसत नाही. त्यांचाही नमस्कार.

तारा


भिलाई
17 जून 1961

दादा,

या पत्रावर श्री नाही आणि वरचा कोपरा फाडला आहे, ते तू उघडतानाच पाहिलं असशील. पहिल्या पत्राचा कोपरा मी शाबूत ठेवला होता. खोटं लिहिलं होतं.

हे गेले. त्याच आंधीत, दोन मेला. "बरं झालं, सुटली" असं तू मनात जरी म्हणालास तरी मला इथे कळेल असं वाटलं, म्हणून लिहिलं नाही. आणि दुसरं, सधवेच्या पत्राला तू उत्तर देशील, विधवेच्या पत्राला देणार नाहीस असंही वाटलं. का वाटलं ते विचारू नकोस. पाटलाच्या घरात वाढले आहे, कुठल्या बाईचं ऐकतात आणि कुठलीचं ऐकत नाहीत ते पाहिलेलं आहे.

पत्ता खरा आहे, पण घर माझं नाही. मी शामरावांकडे भांडी घासते. आमची झोपडी जळाली त्या दिवसापासून त्यांच्या प्रेमलाबाईंनी आम्हा दोघींना मागच्या पडवीत राहू दिलं आहे. बाई जिवाने चांगली आहे. मी भांडी घासता घासता थांबले की ओरडते, "तारे, कावून रडून राहिली? पोरगी पाहून राहिली ना तुह्याकडे!" आणि मग स्वतःच पदर डोळ्याला लावते. पण शामरावांची बदली झाली आहे. दसऱ्यानंतर क्वार्टर दुसऱ्या कोणाला मिळेल, आणि नवे लोक पडवीत बाई-पोर ठेवून घेतीलच असं कोण सांगतं?

झालं ते असं. वारा सुटला तेव्हा मी नळावर होते. हे पाळी संपवून आले होते, त्यांनी नलूला गोधडीत गुंडाळून बाहेर आणलं. मग पेटी आणायला परत आत गेले. रेशनकार्ड होतं, ठेकेदाराचा पास होता, दुर्गला काढलेला आमचा एकुलता एक फोटो होता. छप्पर गवताचं. ते बाहेर आले नाहीत.

तिसऱ्या दिवशी पटवारी आला, पंचनामा झाला. त्यात लिहिलं आहे, "देवीदास, मयत. सोबत एक औरत, एक लडकी." एक औरत. बायको असं लिहायला पुरावा पाहिजे. मी ओमप्रकाशबाबूंना म्हटलं, सहा वर्षं त्यांच्या घरात राबले, ही त्यांची मुलगी आहे. ते म्हणाले, "कैंप में तो सभी बीवी हैं, बाई. कल तीन आ गई थीं एक ही आदमी की." माणूस वाईट नाही. त्यांच्या टेबलावर कागदांचा ढीग आहे आणि रोज शंभर जण त्यांच्या अंगावर ओरडतात.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे मला ठाऊक आहे. मी थांबले असते. पण पडवी थांबत नाही. आता त्यांनी कचेरीतूनच आपल्या गावाला चौकशीचा कागद पाठवला आहे. पूर्वी नागपूर आणि दुर्ग एकाच प्रांतात होते, आता तुमचा महाराष्ट्र झाला, म्हणून तो कागद भोपाळ, मुंबई, भंडारा, गोंदिया असा फिरत तुझ्याच हातात येईल. गावच्या चौकशीचं उत्तर पोलीस पाटीलच लिहितो ना? तेव्हा मला वेगळं पत्र पाठवायचीही गरज नाही. त्याच कागदाखाली लिही. मी हयात आहे एवढं लिही. बाकीचं मी बघून घेईन.

तारा


भिलाई
24 जुलै 1961

दादा,

तुझं उत्तर पाहिलं.

ओमप्रकाशबाबूंनी हाक मारली तेव्हा मी धावतच गेले. नलूला कडेवर घेऊन चिखलातून गेले, तिची एक चप्पल तिथेच रुतली ती अजून सापडली नाही. मला वाटलं, झालं. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि म्हणाले, "मायके से रिपोर्ट आ गई. लिखा है, तारा तो मर चुकी. तो तुम कौन हो?"

मी वाचलं. "कुमारी तारा, वय 21, दिनांक 3 जून 1955 रोजी हिवतापाने मयत. गावच्या जन्ममृत्यूच्या बुकात नोंद आहे." खाली सही, शिक्का, तारीख 5 जुलै. म्हणजे माझी दोन्ही पत्रं तुला पोचल्यावर लिहिलंस.

सही वाचायची गरजच नव्हती. तू आधी ओळीभर रेघ ओढतोस आणि मग एकेक अक्षर तिला टांगतोस. मलाही तसंच शिकवलंस, रेघ वाकडी आली तर पट्टी मारायचास. माझा अर्ज त्याच टेबलावर होता. मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि म्हटलं, बाबूजी, बघा, दोन्हींत रेघ आधी आहे, अक्षर नंतर. हे ज्याने लिहिलं त्यानेच मला लिहायला शिकवलं. तो माझा भाऊ आहे. त्यांनी खरंच वाकून पाहिलं. मग हसले, म्हणाले, "बात तो ठीक है. पर लिखावट से रिश्ता साबित नहीं होता."

आंघोळ केलीस ती मला चालली. रागात माणूस आंघोळ करतो, तेरावं घालतो, गावाला जेवण देतो. आपल्याकडे असंच होतं, आणि वर्षा-दोन वर्षांनी आई चोरून लाडू पाठवते. आई असती तर मलाही आले असते. पण दादा, बुकात? सरकारच्या बुकात नोंद केलीस? एवढा राग आला होता तर मला शोधून मारायचं होतंस. तुझं प्रत्येक काम असंच, अर्धवट कधी सोडणार नाहीस.

आणि हिवताप का लिहिलास? मी नऊ वर्षांची असताना हिवतापाने फणफणले होते, तेव्हा तूच पाण्यापावसात चार कोस चालत जाऊन दवाखान्यातून कुनैन आणलं होतंस. परत आलास तेव्हा तुझ्या पायाला काच लागली होती. मला त्यातून वाचवलंस तू, आणि मारायला दुसरं दुखणं सुचलं नाही तुला.

मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात. मी आता कशाला भिऊ? पण नलू मेलेली नाही. तिला पावसात कुठे ठेवायचं ते मला कळत नाही. बुकातली नोंद चुकीची होती असं कळव. चूक दुरुस्त करता येते, शामराव म्हणतात तशी सोय असते. दसऱ्याला अजून वेळ आहे.

तारा


भिलाई
17 सप्टेंबर 1961

दादा,

नत्थू पोळ्याला गावी जाऊन आला. मीच त्याला तुझ्याकडे पाठवलं होतं, हे तुला कळलंच असेल. त्याने निरोप सांगितला तो जसाच्या तसा लिहिते, म्हणजे त्याने पदरचं काही घातलं असेल तर तुला कळेल.

"पाटलाले सारं सांगतलं मी. थे उठून गोठ्यात जाऊन बसले. मंग लय वेळानं बाहेर आले अन् म्हने, नत्थू, तिले सांग, माहे हात बांधले हायेत. खोटी नोंद केली असं लिहून देलं त पाटीलकी जाते, बेडी पडते, वच्छीचं लगन मोडते. म्हने, मले माफ कर असं सांगू नको तिले. फक्त हे सांग."

मी विचारलं, वहिनी काय म्हणाल्या? तो म्हणाला, "ठकूवहिनी दारामागं उभ्या होत्या. निघताना पोरीसाठी म्हून चप्पल देली." चप्पल नलूला दोन बोटं मोठी होते. चिखलाचं तू वहिनींना वाचून दाखवलंस म्हणायचं.

तुझी लेक वच्छी लग्नाची झाली हे मला कळलंच नव्हतं. मी निघाले तेव्हा परकरात धावत होती. तिचं लग्न मोडावं असं मला वाटत नाही. मोडलं तर त्याचं कारण मी, आणि तिला मी आठवतही नसेन. तुला बेडी पडावी असंही वाटत नाही. वाटत होतं, जुलैत आठ दिवस वाटत होतं. आता नाही.

तू गोठ्यात जाऊन बसलास म्हणून मीही एक सांगते. हे मी इथे कोणाला सांगितलेलं नाही.

पेटीसाठी हे आपणहून गेले नाहीत. मी पाठवलं. मी नळावरून धावत आले, नलू सुखरूप दिसली आणि मी ओरडले, "पेटी! माही पेटी!" सगळ्यांना सांगते की रेशनकार्डासाठी गेले. रेशनकार्डाचं मला त्या वेळी भानही नव्हतं. पेटीत तळाशी हिरवं लुगडं होतं. शेवटच्या भाऊबीजेला तू मला घातलेलं. सहा वर्षांत एकदाही नेसले नाही, दर दिवाळीला उन्हात घालून परत ठेवायचे. यांना ते माहीत होतं. म्हणून एक शब्द न विचारता आत गेले.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असं आई तुला म्हणायची. माझा जळाला तेव्हाच गेला. तुझा नवरा जातीचा नाही, टिकणार नाही, असं तू म्हणाला होतास. माझ्या माहेरच्या एका लुगड्यासाठी गेला तो. हे तुला माहीत असावं.

उत्तराची वाट पाहत नाही.

तारा


श्री

जुनवानी
14 ऑक्टोबर 1961

तीर्थरूप दादास,

वर श्री आहे, कोपरा शाबूत आहे. पुढे काहीही वाचलंस तरी हे पत्र मयताचं नाही, हे आधी लक्षात ठेव.

जागा मिळाली. एकेचाळीस नंबर. बांबू आले, पत्रे पुढच्या आठवड्यात येतील असं म्हणतात. तोवर वर चटया टाकल्या आहेत. शेजारी गिरजाबाई आहे, ती जुन्या ओळीतही आमच्या शेजारीच होती. मयताची रक्कमही मंजूर झाली आहे. कशी झाली ते सांगते.

वाट शामरावांनी काढली. पंधरा दिवसांपूर्वी मला बोलावून म्हणाले, "तारा मेली अशी रिपोर्ट फाइलीत हाय. थे काही निघत नाही आता. पन देवीदासच्या बायकोचं नाव ताराच होतं, असं कुठं लिहून हाय?" माझ्या लक्षात येईना. मग म्हणाले, "आपल्यात लग्नात नाव बदलतात ना बाई?"

बदललं होतं. तुला कोण सांगणार, तू नव्हतास. दुर्गच्या देवळात लग्न लागलं तेव्हा पुजाऱ्याने ताटात तांदूळ पसरले. अंगठी नव्हती, यांनी बोटानेच नाव लिहिलं. यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून मीच त्यांचा हात धरून माझं नवं नाव गिरवून घेतलं. सत्यभामा. रेघ आधी, अक्षरं नंतर. पण ते मला ताराच म्हणत राहिले आणि ते नाव त्या ताटातच राहिलं.

आता नवा अर्ज केला. सत्यभामा बेवा देवीदास, म्हणजे देवीदासची विधवा, राहणार रुआबांधा. साक्षीला गिरजाबाई आणि यांचे मुकादम रामाजी. दोघांनी सांगितलं, ही त्याची लग्नाची बायको, आम्ही सहा वर्षं पाहून राहिलो. पण माहेरकडून चौकशी नको असेल तर माहेर असता कामा नये. ते मला शपथेवर लिहून द्यायचं होतं.

ओमप्रकाशबाबूंनी मला ओळखलं. चार महिने तोंड पाहत होते, न ओळखायला काय झालं? नलूलाही ओळखलं, तिला ते खडू द्यायचे. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि खाली मान घालूनच विचारलं, "नाम?"

"सत्यभामा."

"मायका?"

"कोई नहीं."

"माँ-बाप?"

"गुज़र गए." ते खरंच होतं.

"भाई-बंद?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून निघालं, "एक भाई था." रामाजीने माझ्याकडे पाहिलं. ओमप्रकाशबाबूंचा टाक थांबला. ते हळूच म्हणाले, "था, तो कब गुज़रा?"

हे मी ठरवून आले नव्हते. मी म्हटलं, 1955 में.

"कैसे?"

दादा, मला दुसरं काही सुचलं नाही. तुलाही सुचलं नव्हतं. मी म्हटलं, हिवताप से. त्यांनी तसंच लिहिलं, वाळू टाकली, कागद माझ्यापुढे केला. मी सही केली. एकेचाळीस नंबरची चिठ्ठी त्यांनी तिथल्या तिथे हातात दिली.

तेव्हा आता असं झालं आहे. तुमच्या बुकात मी नाही, इथल्या फाइलीत तू नाहीस. तुझी पाटीलकी शाबूत आहे, कोणी विचारायला येणार नाही. वच्छीचं लग्न निर्धास्त कर. तिला सांगू नकोस, पण मंगलाष्टकांच्या वेळी मी इथून चार तांदूळ टाकीन. हे पत्र वाचून मात्र जाळ. तुझ्या घरात मेलेल्या बाईचं पत्र सापडायला नको, आणि माझ्या एकेचाळीस नंबरलाही ते बरं नाही.

कचेरीतून परत येताना गिरजाबाई बरोबर होती. दाराशी आल्यावर म्हणाली, "सत्यभामे, खोटं का होईना, भावाले मारून आली तू. आंघोळ कर मंग आत जाय. डोक्यावरून पानी घे." तिचं खरं आहे. मयताची बातमी सांगितली की आंघोळ करतात. तिने स्वतः बादली भरून आणून ठेवली. मी पदर खोचला, तांब्या बुडवला, आणि हात वर जाईना. मग नलूला हाक मारली. पोरगी धुळीने माखली होती, ते सगळं पाणी तिला घातलं. वहिनींची चप्पल तिने आंघोळीतही काढली नाही.

तुझ्या नावाची आंघोळ मी केलेली नाही. नुसती आंघोळ करायची म्हटली तरी ती तुझ्याच नावाची होईल अशी धास्ती वाटते, म्हणून तीही नाही. गिरजाबाई आता मला शिवून घेत नाही. आज तिसरा दिवस आहे, दादा.

तुझी,
तारा